कांद्याचा कोंब व कर्करोगाची गांठ

निफाड तालुक्यांत कांद्याची ओळख करून देणें म्हणजे काशींत गंगेचें वर्णन करण्यासारखें होय. वैशाखांत चाळींत भरलेला कांदा पावसाळा सरतां सरतां कोंब धरूं लागला कीं, शेतकऱ्याचे डोळे तो न चिरतांच पाणावतात. यावर उपाय म्हणून आमच्याच तालुक्यांत, लासलगांवीं, भाभा अणुसंशोधन केंद्रानें २००२ सालीं ‘कृषक’ हें केंद्र उभारिलें व कोबाल्ट-६० पासून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडण्याची सोय केली. किरण लागलेला कांदा दिसण्यांत तसाच, चवीला तसाच. मात्र त्याला कोंब फुटत नाहीं. हा प्रकार आम्हांस ऐकून ठाऊक होता. त्याचें मर्म समजून घेण्याची वेळ आली ती मात्र आमच्या ज्येष्ठ बंधूंच्या गळ्यांतील गांठीमुळें, आणि तीहि उशिरां.

अण्णांस स्वरयंत्राचा कर्करोग झाला. आठवड्यांतून पांच दिवस, दर खेपेस २ ग्रे, अशा ३५ खेपा ठरल्या. ग्रे हें शरीरांत शोषल्या गेलेल्या किरणशक्तीचें माप आहे. पांचव्या आठवड्यांत घसा सोलवटला. पाण्याचा घोट उतरेना. तोंच गणेशचतुर्थी आली. “इतके किरण घेतले, दहा दिवसांनीं काय बिघडतें? गणपति घरचा आहे,” असें अण्णा म्हणाले, आणि आम्हीं डॉक्टरांस न विचारतां त्यांस निफाडास आणलें. येथें त्यांचें ताट, वाटी व अंथरूण निराळें झालें. ‘अंगांत किरण भरले आहेत’ म्हणून घरची मंडळी नातवंडांस त्यांच्याजवळ जाऊं देईनात. चाळीस वर्षें मुलांस शिकविलेले आम्ही हें सारें पाहून गप्प राहिलों. या दोन्ही चुकांचें उत्तर लासलगांवच्या कांद्यापाशीं होतें.

किरण गांठीस जाळून टाकतात, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. पेशींत मुख्यतः पाणी असतें. किरण त्या पाण्याच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन हुसकून लावतात. त्यामुळें क्षणमात्र जगणारे अतिशय उग्र कण निर्माण होतात, आणि ते पेशीच्या केंद्रकांतील डीएनएचा दुपदरी धागा तोडतात. एक पदर तुटला तर पेशी तो सांधते; दोन्ही पदर एकाच जागीं तुटले तर सांधणें दुष्कर होतें. अशी पेशी बहुधा लागलीच मरत नाहीं. वरून पाहतां ती जिवंत असते. पण एकीच्या दोन होण्याचा प्रसंग आला म्हणजे कोलमडते. कांद्याच्या गाभ्यांतील कोंबाच्या पेशी वाढूं शकत नाहींत त्या याच कारणानें. आणि उपचार संपल्यावरहि गांठ कित्येक आठवडे विरत राहते तीहि याच कारणानें.

कोंब थांबविण्यासाठीं कांद्यास साधारणतः ६० ते ९० ग्रे मात्रा एकदांच देतात. अण्णांच्या गांठीस एकूण ७० ग्रे द्यावयाचे होते. म्हणजे मात्रा जवळजवळ तीच, पण सात आठवड्यांत विभागलेली. कारण माणसाच्या गांठीभोंवतीं निरोगी पेशी असतात, व त्या वांचवावयाच्या असतात. दोन खेपांमधील अवधींत त्या आपली डागडुजी करून घेतात. कर्कपेशींस ती तितकीशी साधत नाहीं. परंतु मुख व घसा यांच्या कर्करोगांत सुमारें चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या कर्कपेशी पूर्वीपेक्षां वेगानें वाढूं लागतात. म्हणून त्यानंतर पडलेला खंड अधिक घातक. आम्हीं पाडलेला खंड पांचव्या आठवड्यांतला होता.

किरणांचें दुसरें कार्य अलीकडच्या काळांत उलगडूं लागलें आहे. मरणोन्मुख कर्कपेशी कांहीं प्रथिनें आपल्या पृष्ठभागावर आणते व संकटसूचक द्रव्यें बाहेर सोडते. शरीरांतील टेहळ्या पेशी तिचे अवशेष उचलून लसीकाग्रंथींत नेतात व तेथील टी-पेशींस शत्रूची ओळख पटवितात. किरण न लागलेल्या दूरच्या जागींहि जो परिणाम कधीं दिसतो, त्यास मोल या ब्रिटिश शास्त्रज्ञानें १९५३ सालीं ‘ॲब्स्कोपल’ असें नांव दिलें. त्यांतील ‘स्कोपोस’ हा लक्ष्यवाचक ग्रीक शब्द व आपला हेरवाचक ‘स्पश’ हे एकाच मूळ धातूचे वंशज होत. टेहळणी जणूं नांवांतच आली! २०१२ सालीं न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनीं एका मेलॅनोमाच्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. कण्याजवळील गांठीस किरण दिले असतां इतरत्र असलेल्या गांठीहि आक्रसल्या. मात्र तो रुग्ण प्रतिकारशक्तीचा लगाम सोडविणारें औषधहि घेत होता, आणि असे प्रसंग विरळाच.

याला उलट बाजूहि आहे. टी-पेशी स्वतः किरणांपुढें नाजूक. त्यांतील पुष्कळ मरतात. शिवाय गांठ त्यांस लगाम घालण्याची युक्ति जाणते. हा लगाम सोडविण्याचा मार्ग दाखविल्याबद्दल ॲलिसन व होन्जो यांस २०१८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. शस्त्रक्रियेनें न निघणाऱ्या फुप्फुसाच्या कांहीं कर्करोगांत किरण व रासायनिक औषधें यांच्या मागून असें औषध दिल्यास रोग अधिक काळ थोपून राहतो, हें २०१७ सालीं दिसून आलें. किरणांनीं हांक द्यावी आणि घरच्या सैन्यानें धांवून यावें, असा हा योग आहे. तो प्रत्येक वेळीं जुळत नाहीं.

आतां ताटवाटीविषयीं. किरण घेतलेला कांदा किरणोत्सारी होत नाहीं. तो खुशाल फोडणीस घालावा. बाहेरून यंत्रानें किरण घेतलेला माणूसहि तितकाच निर्धोक असतो. यंत्र थांबलें कीं किरण संपले. पोटांत घेतलेलें वा शरीरांत ठेवलेलें किरणोत्सारी द्रव्य ही गोष्ट निराळी. तेथें डॉक्टर सांगतील ते नियम पाळावेत.

अण्णांनीं परत जाऊन उरलेल्या खेपा पुऱ्या केल्या. दीड वर्षानें ते गेले. त्या दहा दिवसांमुळेंच गेले, असें कोणी डॉक्टर म्हणाले नाहींत. आम्हांसहि तसें म्हणतां येत नाहीं. पण त्या चतुर्थीस धाकटी नात दूर्वांची जुडी घेऊन त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याशीं उभी होती, आणि अण्णांनीं अंथरुणावरूनच हात पुढें केला होता, तें दृश्य आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं. ज्या घरीं आज असा रुग्ण असेल त्या घरास आमची विनंति आहे. खेप चुकवूं नये. घसा सोलवटला तर डॉक्टरांस सांगावें. त्यावर उपाय असतात. नातवंडांस आजोबांच्या मांडीवर बसूं द्यावें. गणपति पुढल्या वर्षीं पुन्हा येतो.