उपग्रहाचें रडार-चित्र व ठाणें-कल्याणचा नगरविस्तार

ठाणें व कल्याण हीं स्थानें आमच्या वाचकांस नवीं नाहींत. शिलाहारांचें स्थानक आणि कान्हेरीच्या लेखांत येणारें कल्याण यांचा विस्तार आपण आजवर ताम्रपट, दानलेख व जुने नकाशे यांवरून अजमावीत आलों. अलीकडे या साधनांत उपग्रहावरील रडारनें टिपलेल्या भूचित्रांची भर पडली आहे. त्यांचें प्रामाण्य कितपत मानावें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

साधें छायाचित्र सूर्यप्रकाशावर अवलंबून असतें; आषाढ-श्रावणांत कोंकणावर ढग दाटले म्हणजे त्याचा उपयोग नाहीं. रडार स्वतः लहरी सोडतें व परत आलेला अंश मोजतें. त्यास रात्र किंवा मेघ आड येत नाहींत. भारताचा रिसॅट-१ हा असा उपग्रह २६ एप्रिल २०१२ रोजीं सोडण्यांत आला. युरोपचा सेंटिनेल-१ए ३ एप्रिल २०१४ रोजीं गेला. त्याची लहर सुमारें ५.६ सेंटिमीटर लांबीची असून त्याचीं चित्रें कोणासहि विनामूल्य मिळतात.

हीं चित्रें वाचण्याची रीत अशी. तिरपी आलेली लहर शांत पाण्यावरून पलीकडे निसटते, म्हणून मासुंदा तलाव काळा दिसतो. भिंत व जमीन यांच्या काटकोनांतून ती दोनदां उलटून माघारी येते, म्हणून डोंबिवलीची दाट वस्ती पांढरी झळकते. परंतु पारसिकच्या डोंगराचा रडारसन्मुख उतारहि तसाच उजळतो, आणि लहरीस तिरकस बसलेल्या इमारती मंद दिसतात. उजळ ठिपका दिसला कीं तेथें घर आहेच असें म्हणणें म्हणजे झिजलेल्या एका अक्षरावरून राजाचें नांव लावणें होय.

शिवाय प्रत्येक चित्रांत दाणेदार डाग असतात. पोथीतील लेखकदोषासारखेच हे समजावे व उपायहि तोच करावा: अनेक तिथींचीं चित्रें ताडून मध्यम काढावा, जें सर्व प्रतींत टिकेल तें ग्राह्य धरावें. असे वर्षावर्षाचे मध्यम शेजारीं ठेविले म्हणजे घोडबंदरच्या रस्त्याकडे किंवा कल्याणच्या भोंवतीं वस्ती केव्हां सरकली हें कळूं लागतें. एक चौकट सुमारें १० मीटरांची असल्यानें एखादा वीरगळ मात्र त्यांत दिसणार नाहीं.

इ. स. १७८७ त ठाण्याच्या किल्ल्यांत पाया खणतांना शिलाहार अरिकेसरीचा शके ९३९ चा ताम्रपट हातीं आला. आज पाये सर्वत्र खणले जात आहेत. ही लहर आमच्या ओल्या मातीच्या पोटांत शिरत नाहीं. पुरलेला पट ती दाखविणार नाहीं. पण पुढचा पाया कोणत्या बाजूस पडण्याचा संभव आहे, तें वस्तीच्या सरकत्या कांठावरून दिसतें. म्हणून संग्राहकांनीं हीं चित्रें पाहून त्या कांठावरील गांवीं प्रथम जावें, आणि तेथील वीरगळ, गधेगाळ, जुन्या विहिरी व शिवेचे दगड यांची नोंद व ठसे आजच घ्यावे. तो कांठ एकदां चित्रांत पांढरा झाला, कीं मग शोधावयास जागा उरत नाहीं.