आईच्या रजेत म्हातारपणाची भाकरी का कापता?

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्रसूती-लाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा. स्त्रीच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकानेही आपला वाटा द्यावा, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात हा कायदा झाला. आज रजा २६ आठवड्यांची आहे. पण त्या २६ आठवड्यांत कामगार स्त्रीच्या पेन्शनचे काय होते, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतल्या आपल्या लेकीसुना शिरवळ, खेड-शिवापूर पट्ट्यात कंत्राटी कामाला जातात. समजा, एकीचा भविष्यनिधीला धरलेला पगार १२,००० रुपये आहे. तिचे १२ टक्के म्हणजे १,४४० रुपये कापले जातात. मालकही तेवढेच भरतो; त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे १,००० रुपये पेन्शन योजनेत जातात. बाळंतपणात तिला ईएसआयकडून पूर्ण सरासरी रोजाइतकी रक्कम मिळते. ती मिळालीच पाहिजे. परंतु हे पैसे मालकाने दिलेले वेतन नसल्यामुळे त्यावर भविष्यनिधीची वर्गणी भरली जात नाही. सहा महिन्यांत दोघांचे मिळून १७,२८० रुपये खात्यात येतच नाहीत.

आता दुसरी बाजू पाहा. ईएसआयच्या वेतनमर्यादेवरची स्त्री, जी मर्यादा जानेवारी २०१७ मध्ये २१,००० रुपये ठरली, तिला रजेचे वेतन मालक देतो. ते रजेवरचे वेतन असल्याने वर्गणी चालू राहते. म्हणजे जास्त पगारवालीची पेन्शन वाढते आणि कमी पगारवालीची थांबते! हा कुठला न्याय?

पेन्शनचे गणित साधे आहे : सरासरी पगार गुणिले वर्गणीची वर्षे, भागिले ७०. दोन बाळंतपणांत एक वर्ष बुडाले, तर १२,००० पगारावर दरमहा सुमारे १७१ रुपये जन्मभरासाठी कमी. दहा वर्षांच्या नोकरीवर जिथे पेन्शनच १,७१४ रुपये बसते, तिथे १७१ रुपये किरकोळ नाहीत.

त्याहून घातक आहे तो राजीनामा. पोट दिसू लागले की ठेकेदार 'राजीनामा लिहून दे, नंतर परत घेऊ' म्हणतो. बाई सही करते, गरजेपोटी भविष्यनिधी आणि पेन्शनचे पैसेही काढते. तिथेच आधीची सेवा संपते आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. रजेच्या काळात कामावरून काढणे बेकायदेशीर आहे. कंत्राटाची मुदत संपली तरी प्रसूतीचा लाभ थांबत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावले. हजेरीपटावरच्या रोजंदार स्त्रियांनाही हा हक्क त्याच न्यायालयाने २००० मध्येच दिला.

सरकारला हे परवडत नाही काय? २०२० च्या टाळेबंदीत केंद्राने लहान आस्थापनांतल्या १५,००० पेक्षा कमी पगाराच्या कामगारांसाठी दोन्ही बाजूंची २४ टक्के वर्गणी स्वतः भरली होती. जर्मनीत १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे आईच्या पेन्शनखात्यात तीन वर्षांपर्यंतची जमा धरली जाते. तेव्हा प्रश्न पैशाचा नसून नियतीचा आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. ईएसआयच्या प्रसूतिरजेतली दोन्ही बाजूंची वर्गणी सरकारने भरावी. तोवर भगिनींनी राजीनाम्यावर सही करू नये, रजेचा अर्ज लेखी देऊन पोच घ्यावी. कामाचा ठेकेदार बदलला तरी युएएन क्रमांक एकच ठेवून जुने खाते नव्यात वळवावे. नोकरी सुटलीच, तर पेन्शनचे पैसे न काढता योजना प्रमाणपत्र घ्यावे. त्यात सेवा शाबूत राहते. आणि वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी दर महिन्याला एकदा आपल्या बहिणीचे पासबुक उघडून पाहावे.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये आईच्या विश्रांतीची किंमत सरकार व मालकाकडून मागितली होती. तिच्या म्हातारपणाचा हिशेब मागणे आपल्यावर सोपवलेले काम आहे.