तित्तर, फासे आणि धावता कुत्रा

सोलापूरहून बार्शी रस्त्याने वीस-बावीस किलोमीटर गेलं की नान्नजचा माळ लागतो. थंडीतल्या सकाळी इथे पहिला आवाज येतो तो तित्तराचा. एक नर बोरीच्या जाळीतून ओरडतो, दुसरा बांधापलीकडून उत्तर देतो, आणि बघता बघता सगळा माळ या हाकांनी भरून जातो. आवाजाच्या रोखानं चालत गेलं तर पक्षी दिसेलच असं नाही. तित्तर आधी पळतो, गवताच्या ठोंबाआड दबतो, आणि अगदी पायाखाली येईपर्यंत हलत नाही. मग फर्रकन उठतो, जेमतेम पन्नास-शंभर पावलं उडतो आणि पुन्हा गवतात शिरून पळू लागतो.

दबून बसणाऱ्या पक्ष्यांच्या याच सवयीतून युरोपात शिकारी कुत्र्यांच्या खास जाती घडल्या.

तित्तर, लावा, मोर, रानकोंबडा हे सगळे ‘फॅसियनिडी’ या एकाच कुळातले. युरोपात ज्याच्या शिकारीचं एवढं प्रस्थ आहे तो फेझंटही याच कुळातला. त्याचं नाव आलं काळ्या समुद्राकाठच्या फासिस नदीवरून, म्हणजे आजच्या जॉर्जियातल्या रिओनीवरून. इंग्लंडमध्ये हा पक्षी मुळातला नाही. तिथे तो आणून वाढवला गेला, आणि आजही दरवर्षी कोट्यवधी पक्षी शिकारीसाठी पाळून रानात सोडले जातात. दबून बसणाऱ्या या पक्ष्यासाठी कुत्र्यांची कामं वाटली गेली. पॉइंटर आणि सेटर वासावरून पक्षी हेरतात आणि त्या दिशेला नाक रोखून थिजल्यासारखे उभे राहतात. स्पॅनियल झुडपात घुसून पक्षी उठवतो. गोळी लागून पडलेला पक्षी दात न लावता, अलगद तोंडात धरून मालकाच्या हातात देणं हे रिट्रीव्हरचं काम. सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये चेंडू पुन्हा पुन्हा आणून देणारा लॅब्रेडॉर पिढ्यान्‌पिढ्या अंगात भिनलेलं तेच काम करत असतो.

हिमालय आणि ईशान्येकडचे डोंगर सोडले तर आपल्याकडे युरोपीय अर्थाने फेझंट नाहीत. दख्खनच्या माळावर त्यांची जागा तित्तर आणि लावा यांची. इंग्रज अंमलदार इथे आले ते बंदुका आणि कुत्रे घेऊन. ह्यूम आणि मार्शल या अंमलदारांनी १८७९ ते १८८१ या काळात हिंदुस्थानातल्या शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंड काढले. त्या काळच्या साहेबाला हे पक्षी किती जिव्हाळ्याचे होते याचा तो पुरावा. पण विलायती कुत्र्याला हा माळ मानवणारा नव्हता. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. वास टिकायला जमिनीत ओल लागते, आणि इथे ती सूर्य वर आला की उडून जाते. त्यात कुसळी गवत. त्याचं टोकदार बी लांब केसांत अडकतं, कानात शिरतं, पंजाच्या बेचक्यात रुततं. दवानं गवत ओलं असेल तेवढाच वेळ नाकावर चालणाऱ्या कुत्र्याचा.

या मातीतला कुत्रा वेगळा. तो नाकावर चालत नाही, नजरेवर धावतो. कारवानी कुत्रा पाहिला की हे लगेच पटतं: अरुंद लांब डोकं, खोल छाती, पोटाशी आत गेलेली कंबर, लांब सडक पाय. दूरवर ससा हलला की त्याची नजर तिथे खिळते, आणि पुढचा सगळा खेळ वेगाचा आणि दमाचा. याच घडणीचा, पण कान-शेपटीवर लांब केस असलेला, तो पश्मी. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या जातीची जोपासना केली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला एक जोडी भेट दिली. तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव चिकटलं. २००५ साली टपाल खात्याने चार भारतीय श्वानजातींवर तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. पुढे लष्कराच्या मेरठच्या केंद्रातही या कुत्र्यांना प्रशिक्षण दिलं गेलं. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत आजही श्वान प्रदर्शन भरतं. हा कुत्रा गावोगावच्या शेतकऱ्यांनी, मेंढपाळांनी जपला, आणि राजांइतकंच श्रेय त्यांनाही द्यायला हवं.

तित्तराच्या मागे मात्र हा कुत्रा फारसा कामाचा नाही. दबून बसलेला पक्षी नजरेला दिसत नाही, आणि उठला की कुत्रा खाली राहतो. मग इथली माणसं तित्तर धरत कशी?

त्याचं उत्तर फास लावून शिकार करणाऱ्या फासेपारध्यांकडे होतं. तात किंवा घोड्याच्या केसांचे सरकते फास, जमिनीत ठोकायच्या बारीक खुंट्या आणि पिंजऱ्यातला एक पाळीव नर एवढा सगळा संसार. पहाटे पिंजरा माळावर ठेवायचा, भोवती फासांची ओळ लावायची आणि दूर दबून बसायचं. पाळीव नर ओरडला की त्या हद्दीचा मालक असलेला रानातला नर चिडून भांडायला येतो आणि फासात अडकतो. दुसरी रीत शिकवलेल्या गाईची किंवा बैलाची. त्या जनावराच्या आडोशाने, त्याच्या चालीनं, ते चरत जाईल तसं पुढे सरकायचं. गुरांना सरावलेले पक्षी उडत नाहीत, हळूहळू पायी पुढे सरतात, थेट मांडलेल्या फासांकडे. बंदूक, भुंकणं, आरडाओरड यांतलं काहीच नाही. पक्षी कधी पळतो, कधी दबतो, कुठल्या झाडावर रात्र काढतो, हे सगळं मनात पक्कं असल्याशिवाय यातलं एकही काम साधत नाही.

या ज्ञानाची कदर आधीच्या राजांनीही केली होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. ही कल्याणी म्हणजे सोलापूरच्या पूर्वेचं, आजच्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ससाण्याची शिकार, कुत्र्यांचा खेळ, लाव्यांच्या झुंजी आणि मृगया यांना स्वतंत्र प्रकरणं आहेत. राजाची ती करमणूक होती. पारध्याचं ते पोट होतं.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे त्याच्या जाळ्यात पारधीही आले. सोलापुरात अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. शहरातल्या त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’ म्हणतात. कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या, तरी संशय काही सुटला नाही. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. साहेबी शिकार थांबली ते योग्यच झालं. पण हौशी शिकाऱ्याचा छंद गेला आणि पारध्याची भाकरी गेली, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

कायद्याची गरज का पडली हेही याच माळानं पाहिलं आहे. शेजारच्या अहमदनगर भागात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रज शिकाऱ्याच्या नावावर ९६१ माळढोक पक्षी मारल्याची नोंद आहे. एका माणसाचे ९६१. आज जगभरात रानात उरलेले माळढोक दीडशेच्या आसपास आहेत. १९७० च्या दशकात सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधलं, १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. असद रहमानी आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे (बीएनएचएस) अभ्यासक इथे येऊन राहिले. तरी माळढोक घटत घटत एखाद्या मादीच्या दर्शनाची बातमी व्हावी इथवर येऊन ठेपला.

बंदूक गेली. कुत्रा मात्र राहिला, आणि आता त्याला मालक नाही. माळावर मोकाट फिरणारी कुत्री जमिनीवर अंडी घालणाऱ्या प्रत्येक पक्ष्याला घातक आहेत. माळढोक वर्षाला बहुधा एकच अंडं घालतो, ते गेलं की हंगाम गेला. तित्तर सहा-आठ अंडी घालतो म्हणून तग धरतो. लांडग्यावरचं संकट आणखी वेगळं: पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे. गावाकडच्या उकिरड्यांवर पोसलेली ही कुत्री आवरणं हे नान्नजच्या गवताला कुंपण घालण्याइतकंच निकडीचं काम आहे, आणि ते गावांना सोबत घेतल्याशिवाय होणार नाही.

शिकारीकडून निरीक्षणाकडे गेलेली वाट सोलापूरला परकी नाही. निसर्गलेखक मारुती चितमपल्ली इथेच १९३२ साली जन्मले. आई आणि मामांकडून रानाची ओळख झाली, वनखात्यात हयात गेली, आणि पारध्यांसारख्या माणसांकडून ऐकलेले शब्द त्यांनी ‘पक्षीकोशा’त आणले. २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापुरातच त्यांनी देह ठेवला. शेजारच्या माणदेशातले लेखक व्यंकटेश माडगूळकर हेही शिकारीचा नाद असलेले. पुढे तेही रानात हिंडले ते चित्रवही घेऊन.

पारध्यांसाठीही ही वाट खुली होऊ शकते, हे विदर्भात दिसलं आहे. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ या संस्थेसोबत फासेपारधी कुटुंबं गवताळ माळ राखतात. ठरावीक पट्ट्यांत चराई बंद ठेवायची, वणवा लागू द्यायचा नाही, आणि पावसाळ्यात तणमोराच्या नोंदी करायच्या. हा पक्षीही तित्तरासारखाच गवतात दबणारा. विणीच्या दिवसांत नर गवताच्या वर उंच उडी मारतो, क्षणभर दिसतो आणि पुन्हा खाली जातो. तो कुठे उतरला, मादी कुठल्या ठोंबाआड असेल, हे शोधायला तीच नजर लागते, जिच्या जोरावर त्यांचे आजोबा फास मांडत होते. नान्नजच्या आसपासही पारध्यांच्या वस्त्या आहेत, आणि पहाटे तिथपर्यंत तित्तराची हाक ऐकू जाते.