वयस्क संघाला पुढचा हंगाम जिंकतां येईल काय?

खेळाचा हंगाम संपला, म्हणजे एक प्रश्न हटकून निघतो. यवतमाळच्या चहाच्या दुकानांत तो निघतो, तसाच अमेरिकेंतल्या बोस्टन शहरांतहि निघतो. ज्या मंडळींनीं आजवर जिंकून दिलें, त्यांचीं वयें आतां वाढलीं आहेत. त्यांच्यावर आणखी एक वर्ष भिस्त ठेवावी, कीं त्यांना मानानें निरोप द्यावा? कोणी म्हणतो, जुनें तें सोनें. कोणी म्हणतो, आतां मुलांना खेळूं द्या. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. पण केव्हां कोणाचें खरें, हें उदाहरणांवरूनच ठरवावें लागतें. आज अशीं दोन उदाहरणें पाहूं: एक तिकडच्या बास्केटबॉलचें, आणि दुसरें आपल्या विदर्भाच्या क्रिकेटचें.

प्रथम, वय खेळाडूपासून नेमकें काय हिरावून घेतें? सर्वांत आधीं जातो तो वेग. तिशी ओलांडतांना धांवेचा जोर आणि उडीची उंची हळूहळू कमी होऊं लागते. त्याहूनहि महत्त्वाचें म्हणजे, श्रम भरून येण्यास अधिक वेळ लागतो. एका रात्रींत ताजातवाना होणें हें विशींतल्या गड्याचें भाग्य. पस्तिशींतल्याला तें लाभत नाहीं. उलट, चेंडू कोठें येणार हें आधींच ओळखणें, प्रतिपक्षाची चाल हेरणें, कठीण प्रसंगीं मन स्थिर ठेवणें, हे गुण पुष्कळ काळ टिकतात. अनुभवानें ते वाढतातहि. म्हणून संघांतलीं सगळीं कामें सारख्याच गतीनें म्हातारीं होत नाहींत. जलद गोलंदाजाची उमेद लवकर सरते. सलामीचा फलंदाज आणि स्लिपमधला क्षेत्ररक्षक त्यामानानें पुष्कळ वर्षें उपयोगी पडतो. बास्केटबॉलमध्यें मात्र एका वेळीं पांचच गडी खेळतात आणि मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखे धांवत असतात. तेथें थकलेल्या पायांना लपायला जागाच नसते.

तरीहि त्याच खेळांत बोस्टन सेल्टिक्स ह्या संघानें १९६९ सालीं एक पराक्रम करून दाखविला. त्या संघाचा आधारस्तंभ बिल रसेल पस्तीस वर्षांचा होता, आणि प्रशिक्षकाचें कामहि तोच करी. त्याचा जोडीदार सॅम जोन्स त्याच वयाचा. ८२ सामन्यांपैकीं ४८ जिंकून हा संघ आपल्या विभागांत कसाबसा चौथा आला. एवढ्यावरून त्याचे दिवस भरले असें समजणें सोपें होतें. परंतु पुढच्या निर्णायक फेऱ्यांत ह्या जुन्या मंडळींनीं लॉस एंजेलिस लेकर्सशीं सात सामने झुंज दिली, आणि सातवा सामना १०८ विरुद्ध १०६ असा अवघ्या दोन गुणांनीं जिंकला. रसेलचें तेरा हंगामांतलें तें अकरावें विजेतेपद होय.

पण कथा येथें संपत नाहीं. रसेल व जोन्स निवृत्त झाले. पुढच्या हंगामांत ४८ विजय व ३४ पराभव ह्यांच्या जागीं ३४ विजय व ४८ पराभव झाले. आंकडे तेच, पण उलटे! नव्या गड्यांची घडी बसून पुन्हां विजेतेपद मिळण्यास १९७४ साल उजाडावें लागलें.

आतां घरीं येऊं. यवतमाळ, अमरावती, अकोला, चंद्रपूर ह्या सर्व जिल्ह्यांचा मिळून विदर्भाचा जो संघ, तो १९५७-५८ पासून रणजी करंडकासाठीं खेळत होता. पण पहिलें विजेतेपद मिळालें तें १ जानेवारी २०१८ रोजीं, इंदूर येथें दिल्लीचा पराभव करून. त्या संघांत मुंबईहून आलेला वसीम जाफर होता, आणि त्याला चाळिसावें वर्ष चालू होतें. अंतिम सामन्यांत त्यानें ७८ धांवा केल्या. मात्र शतक काढलें तरुण अक्षय वाडकरनें, आणि लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले रजनीश गुरबानीनें. वडीलधाऱ्यानें आधार द्यावा आणि तरुणांनीं मजल मारावी, अशी ती वांटणी होती.

साहजिकच प्रश्न निघाला: पुढच्या हंगामीं हें जमेल काय? जमलें. २०१८-१९ मध्यें जाफरनें १०३७ धांवा केल्या. अंतिम सामन्यांत मात्र त्याला अर्धशतकहि करतां आलें नाहीं, आणि येथेंच संघाची खरी परीक्षा झाली. पहिल्या डावांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतला अक्षय कर्णेवार, जो दोन्ही हातांनीं गोलंदाजी करतो, तो खालच्या क्रमांकावर येऊन ७३ धांवांवर नाबाद राहिला. विदर्भाच्या ३१२ धांवा झाल्या, सौराष्ट्राच्या ३०७. आघाडी केवळ पांच धांवांची! पुढें आदित्य सरवटेनें सामन्यांत एकंदर अकरा गडी बाद केले, आणि करंडक दुसऱ्यांदा नागपुरांत राहिला.

तिसऱ्या वर्षीं मात्र विदर्भाला उपांत्यपूर्व फेरीहि गांठतां आली नाहीं, आणि मार्च २०२० मध्यें जाफर निवृत्त झाला. पुढचीं कांहीं वर्षें कोरडीं गेलीं. २०२३-२४ मध्यें संघ पुन्हां अंतिम सामन्यापर्यंत पोंचला व मुंबईकडून हरला. आणि २०२४-२५ मध्यें केरळविरुद्ध पहिल्या डावांतल्या आघाडीवर तिसरें विजेतेपद मिळालें. त्या वेळीं तेहतीस वर्षांच्या करुण नायरनें ८६ आणि १३५ धांवा केल्या. परंतु १५३ धांवा काढणारा दानिश मालेवार एकवीस वर्षांचा होता, आणि हंगामांत विक्रमी ६९ गडी बाद करणारा हर्ष दुबे बावीस वर्षांचा. संघाचा कर्णधार होता तोच अक्षय वाडकर, जो सात वर्षांपूर्वीं जाफरच्या शेजारीं उभा राहून खेळला होता.

ह्यावरून माझें मत असें झालें आहे कीं, वयस्क संघ आणखी एक हंगाम निश्चित झुंजूं शकतो. मात्र धांवपळीचें काम तरुणांकडे सोंपविलेलें पाहिजे आणि जुन्यांकडे त्यांच्या जाणतेपणाचें. धोका असतो तो त्यापुढच्या हंगामीं. वयस्क खेळाडूला दिलेली प्रत्येक जागा कोण्या तरी होतकरू मुलाची असते. पांढरकवड्याचा किंवा वणीचा एखादा मुलगा तेवढा काळ बाहेर बसून राहतो. त्या जाणत्याच्या सहवासांत तो शिकत असेल, तर ती जागा वायां गेली असें म्हणतां येणार नाहीं. तो नुसताच वाट पाहत असेल, तर आजच्या विजयाची किंमत उद्यांच्या संघाला मोजावी लागेल.

२०२५-२६ च्या हंगामापूर्वीं करुण नायर कर्नाटकाकडे परत गेला. अशा वेळीं कोण गेला ह्याची हळहळ वाटणारच. पण निवड करणाऱ्यांनीं आधीं पाहावें तें हें कीं, तो येथें असतांना त्याच्यापाशीं कोण कोण शिकलें.