ट्रकच्या रस्त्यावर सायकलसाठी जागा कशी करायची?

शाळा सुटली की गेटमधून सायकली भराभर बाहेर पडतात. काही मुलं मोहल्ल्याच्या गल्लीत वळतात, त्यांची काळजी नसते. काहींना मात्र हायवे गाठावाच लागतो.

जळगाव शहराच्या मधून जाणारा हा पूर्वीचा महामार्ग क्रमांक 6, आताचा 53. सुरत-नागपूरचे ट्रक, एमआयडीसीतल्या दालमिल आणि चटई कारखान्यांचा माल, केळीच्या गाड्या, आणि इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुलीवर दप्तर घेतलेली पोरं. समांतर रस्त्यांची मागणी जळगावकरांनी वर्षानुवर्षे लावून धरली ती यासाठीच. बायपासने लांबचे ट्रक वळले तरी दुकानांचा आणि गोदामांचा माल शहरात येणारच.

"सायकल ट्रॅक करा" म्हणणं सोपं आहे. कसला ट्रॅक, हा खरा प्रश्न. साधारण तीन पर्याय असतात.

पहिला, रस्त्याच्या कडेला रंगाचा पट्टा. स्वस्त आणि झटपट. पण हिशोब करून पाहा. एक लेन साडेतीन मीटरची, ट्रक अडीच मीटरच्या आसपास. उरला एक मीटर. त्यात सायकलचं हँडल अर्ध्या मीटरहून जास्त, आणि दप्तरासह मूल कधी सरळ रेषेत चालवत नाही. शिवाय दुकानापुढे टेम्पो त्या पट्ट्यावरच उभा राहतो. मग सायकल बाहेर वळते, थेट मागून येणाऱ्या ट्रकपुढे. हायवेवर नुसता पट्टा म्हणजे मुलांना खोटा दिलासा.

दुसरा, उंच काँक्रीटच्या कडेने वेगळा केलेला ट्रॅक. दोन सायकली शेजारी जाव्यात इतका, म्हणजे निदान दोन मीटर रुंद. जड वाहनांच्या रस्त्यावर हाच खरा पर्याय. दुकानदार विचारतील, माल कुठे उतरवायचा? प्रश्न रास्त आहे, कारण त्यावर अनेक घरं चालतात. उत्तर असं की ट्रॅक आणि रस्ता यांच्या मध्ये मालगाडीसाठी ठराविक जागा सोडायची. हमाल ट्रॅक ओलांडून माल आत नेतील. शाळा भरण्या-सुटण्याची वेळ सोडून बाकी वेळ माल उतरवायचा. ही सोय नकाशातच नसेल तर ट्रॅकवर आधी टेम्पो येतो, मग हातगाडी, मग पार्किंग. पुण्याने 2017 मध्ये मोठा सायकल आराखडा मंजूर केला, पण तिथल्या कितीतरी ट्रॅकवर आज दुचाकी आणि स्टॉल दिसतात.

तिसरा, शेजारचा शांत रस्ता. धुळ्याचा आग्रा रोड पाहा. एकेकाळचा मुंबई-आग्रा मार्ग, आज पाचकंदीलची गजबजलेली बाजारपेठ. तिथे ट्रॅकला जागा काढायची तर कोणाचं तरी दुकान जाईल. पण आजूबाजूला नंबरच्या गल्ल्या आहेत. त्यातली एखादी सायकलींसाठी मोकळी ठेवली, दिवे लावले, खड्डे बुजवले, गतिरोधक टाकले, तर पॉवरलूमवर जाणारा कामगारही तिथूनच जाईल. अट एकच, वळसा फार लांब नको. लांब असेल तर लोक हायवेच धरतात.

सगळ्यात नाजूक जागा चौकात असते. ट्रक डावीकडे वळतो तेव्हा त्याची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. ड्रायव्हर उजवीकडे बसलेला, डावीकडची सायकल त्याला दिसतच नाही. म्हणून चौकात सायकलींची थांबण्याची रेषा ट्रकच्या पुढे हवी आणि वळण इतकं आवळलेलं हवं की ट्रकला वेग कमी करावाच लागेल. तोवर मुलांना आजच सांगा: सिग्नलवर ट्रकच्या डाव्या बाजूला उभं राहायचं नाही.

आता थोडं आपलंही पाहू. जुम्म्याच्या नमाजला किंवा लग्नाच्या दिवशी आपल्या मोटारसायकली कुठे उभ्या असतात? ट्रॅक झाला आणि आपणच त्यावर गाडी लावली तर मनपाला दोष कसा देणार?

वॉर्डात रस्त्याचं काम निघालं की नगरसेवकांना तीन गोष्टी जरूर विचारा. ट्रॅकची रुंदी किती? माल उतरवायची जागा कुठे? चौकात सायकल कशी जाणार? तिन्हींची उत्तरं नकाशावर दाखवता आली तरच तो ट्रॅक. नाहीतर तो फक्त रंग, आणि पहिल्या दोन पावसाळ्यांत तोही जाईल.