दंड भरला, आतड्याचं काय?

अंगणवाडीतली दंडघेराची पट्टी पाहिली असेल, तर तिचे रंग आठवत असतील. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर लाल : मूल ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित. १२.५ पासून पुढे हिरवा. शेंगदाणा, दूध पावडर, तेल, साखर घातलेली पेस्ट काही आठवडे खाऊन बहुतेक मुलं हिरव्यात येतात आणि यादीतून नाव निघतं.

ती पुढे तिथेच राहतात का? माली, सोमालिया आणि दक्षिण सुदानमध्ये अशा मुलांवर सहा महिने नजर ठेवली गेली. सोमालियात साधारण पाचातलं एक, मालीत दहातली तीन, तर दक्षिण सुदानमध्ये निम्म्याहून अधिक मुलं पुन्हा मध्यम किंवा तीव्र कुपोषित झाली. घरात धान्य नाही, पाणी गढूळ, जुलाब थांबत नाहीत ही कारणं उघडच आहेत. पण ढाक्यातल्या संशोधकांना आणखी एक धागा सापडला.

निरोगी बाळाच्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती पहिल्या दोन वर्षांत वयाप्रमाणे बदलत जाते. विष्ठेच्या नमुन्यावरून मुलाचं वय बऱ्यापैकी सांगता येतं. तीव्र कुपोषित मुलात मात्र ही वस्ती वयाच्या मागे पडलेली दिसली. उपचारात काही मुलांना तयार पेस्ट दिली, काहींना ढाक्याचीच खिचडी-हलवा. दोन्हीकडे जिवाणू थोडे वयात आले आणि आहार थांबल्यावर काही महिन्यांत पुन्हा मागे गेले. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. माझ्या मते, ‘बरं झालं’ हा शेरा मारण्याच्या घाईला हा चांगलाच चाप आहे.

मग जिवाणूंनाच पोसलं तर? ढाक्यातल्या याच संशोधकांनी अमेरिकेतले संशोधक जेफ्री गॉर्डन यांच्या गटासोबत हरभऱ्याचं पीठ, सोयाबीन, शेंगदाणे आणि कच्चं केळं यांची पेस्ट बनवली. ढाक्याच्या मिरपूर भागातल्या झोपडपट्टीतल्या १२ ते १८ महिन्यांच्या मुलांना ती तीन महिने दिली. नेहमीच्या पूरक आहारापेक्षा तिच्यात उष्मांक कमी, तरी वजन वाढण्याचा वेग जास्त! रक्तात हाडांच्या व मेंदूच्या वाढीशी निगडित प्रथिनंही वाढली.

ही मुलं मध्यम कुपोषित होती, तीव्र नव्हे. आणि आपल्याकडे हे चारही जिन्नस मिळतात म्हणून कुणी घरी केळं वाटायला घेऊ नये; त्या पेस्टमध्ये जीवनसत्त्वं आणि खनिजं मोजून घातलेली होती.