झोपाळू स्पीकर

आमच्या अम्मीच्या ओव्यांची एक कॅसेट होती. जातं तोवर घरातून गेलं होतं. ती नुसतीच बसून, आठवत, थांबत थांबत गायली होती. मुलाने ती संगणकात उतरवून दिली आणि सोबत नवे स्पीकर आणले. पहाटे घर जागं होऊ नये म्हणून मी आवाज अगदी बारीक ठेवून ऐकतो. वीसएक मिनिटं झाली, की ओवी चालू असतानाच स्पीकर गप्प! आवाज वाढवला की जागे होतात, पण तेवढ्यात पुढच्या ओवीचा पहिला शब्द गिळलेला असतो. कविता लिहिणाऱ्याला विचारा, पहिला शब्द गेला म्हणजे काय गेलं.

दुकानदार म्हणाला, "बिघाड नाही चाचा, ही सोय आहे." तेही खरंच. युरोपीय संघाच्या २००८ सालच्या नियमामुळे २०१३पासून तिकडे नुसत्या ताटकळत बसलेल्या घरगुती उपकरणाला साधारण अर्ध्या वॅटचीच मुभा राहिली, आणि काम नसेल तेव्हा त्याने स्वतःहून झोपावं असंही ठरलं. हिशेब करून पाहा : पाच वॅट खाणारा स्पीकर वर्षभर चालू राहिला तर सुमारे ४४ युनिट जातात, अर्ध्या वॅटवर साडेचारसुद्धा नाहीत. तेव्हा सोयीला नावं ठेवायची नाहीत.

अडचण एवढीच, की स्पीकरला शांतता आणि हळू आवाज यांतला फरक कळत नाही. तारेतून येणारा संकेत ठरावीक पातळीखाली राहिला, की तो समजतो, कुणी ऐकत नाही. मी आवाज कमी करायचो तो संगणकावर. म्हणजे संकेतच दुबळा. आता उलट करतो. संगणकावरचा आवाज जवळजवळ पूर्ण चढवायचा आणि स्पीकरची चकती खाली आणायची. कानाला तेवढंच ऐकू येतं, स्पीकर मात्र जागा राहतो. (काही स्पीकरना मागे झोप बंद करण्याचा खटका असतो. आधी तो शोधा, माझ्याला नाही.)

राहिला सुरुवातीचा शब्द. ध्वनिफितीआधी पाच सेकंद कोरी जागा सोडून पाहिली, पण शांततेने झोपलेला कसा उठणार? शेवटी नातीने कपावर चमचा वाजवला, तो आवाज मुलाने आधी जोडला. आता पहाटे किण, किण, किण. आणि मागून अम्मी, पहिल्या शब्दापासून.